दगडाचा कर भरला, खड्ड्याचा कोण भरणार?

धरणगाव तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलं आहे. वडिलांचा खडी क्रशर, त्याला लागून दोन हेक्टरची दगडखाण, गिरणा नदी चारेक किलोमीटरवर. खाणपट्ट्याची तीन वर्षं उरलीत. धंदा आता पोराच्या हातात येतोय आणि त्याचे प्रश्न तीन. पर्यावरणाच्या नावाखाली आणखी कर लागणार का? लागले तर त्याने नदीचं नि आसपासच्या शेतांचं खरंच काही भलं होतं का? आणि बँका ‘ग्रीन लोन’ देतात म्हणे, ते दगड फोडणाऱ्याला कोण देणार?

मी चोवीस वर्षं जळगाव-धुळ्यात खाणकामाचे आराखडे करतो. क्रशरवाल्यांचे बँकेत द्यायचे प्रकल्प अहवालही माझ्याच टेबलावरून जातात. त्यामुळे दोन्ही बाजूंचे कागद पाहिलेत. आधी छोटं उत्तर देऊन टाकतो भाऊ: कर वाढायची शक्यता धरून चाला. त्याने नदी वाचेलच असं नाही. कर्ज मिळेल, पण दगड फोडायला नाही मिळणार. आता सविस्तर.

वडिलांच्या रॉयल्टीच्या पावत्या काढून समोर ठेवा. महाराष्ट्रात गौण खनिजाचा, म्हणजे दगड-वाळू-मुरूम यांच्या रॉयल्टीचा दर १ जुलै २०२१ पासून ब्रासला, म्हणजे १०० घनफुटांना, ६०० रुपये झाला, त्याआधी ४०० होता. त्यावर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचे १० टक्के म्हणजे ६० रुपये, आणि आयकराचे २ टक्के म्हणजे १२. जीएसटीची वजावट मिळते, म्हणून तो इथे धरत नाही. एका ब्रासमागे ६७२ रुपये तुम्ही भरता आणि घरी येऊन म्हणता, एवढा पर्यावरणाचा कर भरतो तरी लोक शिव्या देतात. इथेच गफलत आहे. या ६७२ मधले ६०० ही दगडाची किंमत आहे. १२ रुपये तुमचाच आयकर आगाऊ कापलेला आहे. पर्यावरणाशी दूरचं का होईना नातं सांगणारे फक्त ६० रुपये उरतात.

रॉयल्टी म्हणजे किंमत, कर नव्हे, हे मी पदरचं सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २५ जुलै २०२४ रोजी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने तेच म्हटलं. त्या निकालाचा दुसरा अर्धा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे: खनिजाच्या हक्कावर आणि खनिज असलेल्या जमिनीवर वेगळा कर लावायचा अधिकार राज्यांना आहे. पुढच्याच महिन्यात, १४ ऑगस्टला, न्यायालयाने १ एप्रिल २००५ पासूनची मागणीही करता येईल असं सांगितलं. ती वसुली १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांत हप्त्याहप्त्याने करायची. तमिळनाडूने तर खनिजाच्या जमिनीवर कर लावणारा कायदा एप्रिल २०२५ पासून लागूसुद्धा केला. आपल्याकडे उद्या लागेल की पाच वर्षांनी, यावर मी पैज लावणार नाही. पण दार उघडं आहे, आणि राज्याची तिजोरी रिकामी असली की उघड्या दारातून कोण आत येतं हे क्रशरवाल्याला सांगायला नको.

आता दुसरा प्रश्न. कराने भलं होतं का?

आधी दगड बाजूला ठेवून गिरणेच्या वाळूचा हिशेब करू. तो सोपा आहे आणि तुम्ही लहानपणी झिऱ्यातून पाणी काढताना डोळ्यांनी पाहिला असेल. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. पाण्याने भरलेल्या वाळूतून साधारण पाचवा हिस्सा, कुठे त्याहून थोडं जास्त, पाणी मोकळं होतं. म्हणजे एका ब्रास वाळूच्या पोटात अंदाजे ६०० लिटर वापरण्याजोगं पाणी असतं. ते पुराला भरतं, उन्हाळ्यात काठच्या विहिरींना पाझरतं, पुढच्या पुराला पुन्हा भरतं. ही टाकी आपोआप भरणारी आहे. डंपर ती टाकीच उचलून नेतो. ब्रासला ६०० रुपये एकदा मिळतात, पण ६०० लिटर दरवर्षी जातात, नवी वाळू वाहून येईपर्यंत. आणि नवी वाळू येणार कुठून? वर नांदगावजवळ गिरणा धरण आहे, मध्ये बंधारे आहेत. वरची वाळू तिथेच अडते. धुळ्याकडे पांझरा नदीवर ज्या बंधाऱ्यांच्या जोरावर फडांची शेती पिढ्यानपिढ्या चालली, त्या पट्ट्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा, नदीत खडक दिसायला कधी लागला ते. सगळे एकच काळ सांगतात: बांधकामं वाढली, पोकलेन आले, तेव्हापासून.

म्हणजे पर्यावरण कर म्हणायचा तर तो या हरवलेल्या टाकीच्या किमतीएवढा हवा. लिलावात वाळूला जो भाव येतो तो शहरातल्या बांधकामाच्या मागणीचा असतो. काठच्या विहिरीचा त्यात कुठे उल्लेखच नसतो.

आणि दर वाढवून थांबलं तर काय होतं तेही पाहिलंय. फाटकाला कुलूप नाही नि तिकीट महाग केलं, तर माणसं कुंपणावरून येतात. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) नुसार विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. त्यापुढचं कलम गाडी, यंत्र जप्त करू देतं. दंड कागदावर जबरदस्त. पण दंडाची भीती पकडलं जाण्याच्या भीतीएवढीच असते, आणि रात्री दोनला नदीपात्रात एकटा तलाठी किती पकडणार?

दगडात चोरी रात्रीची नसते, दिवसाढवळ्या आणि मोजमापाच्या आड असते. हे जरा खोलात सांगतो, कारण यातच सगळ्या कराचा जीव आहे. आपला काळा बेसाल्ट जमिनीत घट्ट असतो. फोडला की पोकळ्या पडतात आणि तो फुगतो: एक घन ब्रासचे सैल दीड ब्रास धरा, कधी जास्तच. डंपरमध्ये जातो तो सैल माल. पावती फाटते ती सैल ब्रासची. आता मोजणीवाले यंत्र घेऊन येतात, ईटीएसने (मोजणीच्या इलेक्ट्रॉनिक दुर्बिणीने) किंवा ड्रोनने खड्डा मोजतात. खड्डा निघतो ६० हजार ब्रासचा, आणि महाखनिज या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर वाहतूक परवाने दिसतात ६० हजार ब्रासचे. जुळलं! चहा होतो, सही होते. पण खड्डा मोजला घनात, पावत्या सैलात. खरे परवाने ९० हजारांचे हवे होते. तिसरा हिस्सा कर न भरता गेला आणि कुणी खोटं बोललंही नाही. मोजणीच्या कागदावर ‘घन’ की ‘सैल’ हे लिहून घ्यायची सवय मला एका जुन्या सर्वेक्षकाने लावली. त्या एका शब्दावरून मी दोन मालकांशी भांडलोय. एकाने काम काढून घेतलं.

इंग्लंडमध्ये हा घोळ वजनाने मिटवला. एप्रिल २००२ पासून तिकडे दगड, वाळू, खडी यांवर टनाला १.६० पौंड असा कर बसवला, पुढे तो दोनच्या घरात गेला. काट्यावर वजन करायचं, टन मोजायचे. घन-सैलचा वादच नाही. दुसरी शहाणी गोष्ट अशी की पाडकामाच्या राबिटातून नव्याने केलेल्या खडीला हा कर नाही. म्हणजे नवा दगड महाग, जुना परत वापरला तर स्वस्त. ठेकेदाराला भाषण द्यावं लागत नाही, तो बिल बघून ठरवतो. करातल्या पैशाचा एक वाटा काही वर्षं खाणीच्या आसपासच्या गावांसाठीच्या निधीत जायचा. तो निधी २०११ मध्ये बंद केला. कर मात्र चालू राहिला. सरकार कुठलंही असो, ही खोड सारखीच.

आपली खोड बघायची तर भुसावळला जा. दीपनगरच्या औष्णिक केंद्रात जो कोळसा जळतो, त्यावर २०१० पासून टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जेचा उपकर लागला. २०१४ ला तो १००, २०१५ ला २००, २०१६ ला ४०० झाला. नाव ‘स्वच्छ’ आणि पैसा हरित प्रकल्पांना जायचा होता. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात जमले ८६,४४० कोटी. त्यातले हरित निधीत पोचले २९,६४५ कोटी आणि प्रकल्पांना प्रत्यक्ष लागले १५,९११ कोटी. २०१७ ला जीएसटी आला आणि तो उपकर राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये तोही गेला नि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. म्हणजे कर गेला नाही, त्याच्यावरची हिरवी पाटी तेवढी निघाली. मला याचा राग येत नाही, पण ‘पर्यावरण कर’ हा शब्द ऐकला की पहिला प्रश्न मी हाच विचारतो: खातं कुणाचं?

तुमच्या त्या ब्रासमागच्या ६० रुपयांचं खातं जिल्हा खनिज प्रतिष्ठानचं. खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने ही व्यवस्था आली. खाणीमुळे ज्यांना झळ बसते त्यांच्यासाठी हा पैसा. किमान ६० टक्के पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा अग्रक्रमाच्या कामांना लावायचा नियम होता. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत तो ७० टक्के झाला. नियम चांगला आहे. पण दिवाळीनंतर मी धुळे तालुक्यात एका गावाला मोजणीला गेलो होतो. क्रशरच्या पूर्वेला कापूस उभा. पानावरून बोट फिरवलं तर रेघ उमटत होती, आणि वेचलेल्या कापसाला राखट छटा. व्यापारी त्यावर भाव पाडतो. बांधावर एक आजी बसलेल्या. मी या निधीबद्दल सांगायला लागलो तर त्यांनी पदराने तोंड पुसत एवढंच म्हटलं, “भाऊ, पैसा जळगावले जास, धुळ्याले जास. धूळ आम्हना घरमा ऱ्हास.” अहिराणीत ‘ऱ्हास’ म्हणजे राहते. मराठीत लिहिलं तरी अर्थ चुकत नाही.

त्या आजींना कुणी सांगितलेलं नव्हतं की तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव करून, खाणीचं अंतर लिहून, या निधीतून पाण्याचं नि आरोग्याचं काम मागता येतं. तुमच्या गावाने ते करावं, आणि तुम्ही मालक म्हणून पुढाकार घेतलात तर शिव्या निम्म्या होतील. नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात किंवा साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेरच्या आदिवासी गावांत असाल तर पेसा कायद्याने गौण खनिजाच्या पट्ट्याला ग्रामसभेची शिफारस आधी घ्यावीच लागते. धरणगावला ते लागू नाही, म्हणून पुढे जातो.

एक दंड मात्र मला आवडतो, आणि तो तिजोरीसाठी नाहीच. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांना सगळी राख वापरात आणणं बंधनकारक केलं. जी राख वापरली गेली नाही तिच्यावर टनाला १००० रुपये भरपाई. बघा आता हिशेब. राख पडून राहिली तर टनाला हजार जाणार. त्यापेक्षा ती विटांना, सिमेंटला, रस्त्याच्या भरावाला देऊन टाकणं स्वस्त. म्हणजे दीपनगरची राख आता ओझं झाली आणि ओझं उतरवून घेणाऱ्याला किंमत आली. भुसावळ-जळगाव पट्ट्यात राखेची वीट पाडणारा माणूस गावच्या शिवारातली पोयटा माती वाचवतो. रस्त्याच्या भरावात राख गेली तर तेवढा मुरूम टेकडीतच राहतो. कर असा हवा की तो भरण्यापेक्षा टाळणं परवडावं, आणि टाळायचा मार्गही सरळ असावा.

उलट बाजूने, सवलत देऊन, हेच कृत्रिम वाळूबाबत केलंय. राज्याच्या मे २०२५ च्या धोरणात एम-सँडच्या प्रकल्पांना ब्रासला ६०० ऐवजी २०० रुपये रॉयल्टी, जिल्ह्यात पहिल्या ५० प्रकल्पांना. तुमच्यासाठी ही सगळ्यात मोठी बातमी आहे. गिरणेची वाळू वाचवायची तर तिला पर्याय लागतो आणि तो पर्याय तुमच्या दगडात आहे. आयएस ३८३ या भारतीय मानकात कुटलेल्या वाळूला मान्यता आहे, गवंड्यांची कुरकुर दोन स्लॅबनंतर थांबते. पण क्रशरखाली साचलेली कच चाळून ‘एम-सँड’ म्हणून विकू नका. दाणा चपटा असतो, पीठ जास्त असतं, सिमेंट जास्त लागतं आणि नाव खराब होतं. दाणा गोल करायला वेगळं यंत्र लागतं. पीठ धुवायला पाणी लागतं. तेच धुतलेलं गढूळ पाणी नाल्यात सोडलंत, तर नदीची वाळू वाचवून नदीत चिखल केल्यासारखं होईल. पाणी परत फिरवणारी टाकी आणि गाळ दाबणारं यंत्र घेणार असाल तरच या वाटेला जा. आणि कर्जाची गोष्ट इथूनच सुरू होते.

रिझर्व्ह बँकेने हरित ठेवींची चौकट ११ एप्रिल २०२३ ला काढली, १ जूनपासून लागू केली. लोकांनी हिरव्या म्हणून ठेवलेल्या ठेवी बँकेने कशात गुंतवायच्या याची यादी त्यात आहे: सौर-पवन ऊर्जा, ऊर्जेची बचत, स्वच्छ वाहतूक, पाणी आणि कचऱ्याचं व्यवस्थापन, प्रदूषण रोखणं, हरित इमारती, जमीन आणि जैवविविधता. कशात गुंतवायच्या नाहीत तेही आहे. त्या ‘नाही’च्या यादीत जीवाश्म इंधनाचं उत्खनन आहे, दारू-तंबाखू आहे. दगडखाणीचं नाव त्यात नाही, पण ‘हो’च्या यादीतही नाही. म्हणून नव्या पोकलेनला, ड्रिल मशीनला, जादा जॉ क्रशरला हिरवं कर्ज मागू नका. नेहमीचं लघुउद्योगाचं कर्ज घ्या आणि मोकळे व्हा. मागायचं असेल तर हे मागा: सौर प्रकल्प, डिझेल जनरेटर काढून विजेवर जाणं, झाकलेले पट्टे आणि पाण्याच्या फवाऱ्याची धूळबंदी, धुण्याचं पाणी परत वापरणं, पाडकामाच्या राबिटाची खडी करणारी लाइन.

यातलं सौर सगळ्यात सोपं, कारण क्रशर दिवसा चालतो आणि खान्देशात ऊन ही एकच गोष्ट उधार मिळत नाही, फुकट मिळते. १०० किलोवॅटचा प्रकल्प वर्षाला १ लाख ४० हजारांच्या आसपास युनिट देतो. युनिटमागे ९ रुपये धरले तर बारा-साडेबारा लाख वाचतात. माझ्या अलीकडच्या फायलींत खर्च ४५ ते ५० लाख आलाय. पावसाळ्यात क्रशर बंद असतो तेव्हाची वीज ग्रीडला जाते, तिचा हिशेब वितरण कंपनीशी आधीच नीट लिहून घ्या.

आता हिरव्या पाटीबद्दल. मागे एका अशिलाचं सौर कर्ज एका बँकेने ‘ग्रीन’ म्हणून मंजूर केलं, व्याज पाव टक्का कमी. आम्ही खूश. ५० लाखांवर पाव टक्का म्हणजे पहिल्या वर्षी साडेबारा हजार. नंतर कळलं की हिरवेपणा सिद्ध करायची दरवर्षीची तपासणी आमच्याच खर्चाने, आणि फी पंधरा हजार. बिचाऱ्याने हिरवं असण्याचे अडीच हजार वरून भरले. तेव्हापासून मी मंजुरीपत्रातली बारीक अक्षरं आधी वाचतो, व्याजदर नंतर.

बाकी मोठ्या प्रमाणावर हे चालतं. सातपुड्याच्या पलीकडे इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित रोख्यांतून २४४ कोटी उभे केले, खरगोन जिल्ह्यात जलूदला सौर प्रकल्पासाठी. नर्मदेचं पाणी इंदूरला चढवायची वीज त्यातून. एकटा क्रशरवाला रोखे काढू शकत नाही. पण जळगाव किंवा धुळे महापालिका राबिटाचा प्रकल्प काढणार असेल तर चालवायला तुमच्यासारखाच माणूस लागेल, दगड कुटायचं ज्ञान तुमच्याकडे आहे. पाडकाम कचऱ्याचे नवे केंद्रीय नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत. त्या निविदांवर डोळा ठेवा.

तुमची खरी अडचण मात्र वेगळी आहे आणि ती तुम्ही प्रश्नात सहज सांगून गेलात: पट्ट्याची तीन वर्षं उरलीत. सौर कर्ज सात वर्षांचं. दगड तीन वर्षांत थांबला तर हप्ता कोण भरणार, हे मॅनेजर पहिल्या मिनिटाला विचारेल, मग प्रकल्प कितीही हिरवा असो. तेव्हा आधी नूतनीकरण, त्यासाठी सुधारित खाणकाम आराखडा, पर्यावरण मंजुरीची मुदत, प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र. २७ फेब्रुवारी २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या दीपक कुमार निकालानंतर पाच हेक्टरच्या आतल्या खाणीलाही पर्यावरण मंजुरी चुकत नाही. दोन हेक्टरला कोण विचारतं, हे वडिलांच्या पिढीचं वाक्य आता विसरा.

आणि नूतनीकरणासोबत मी एक गोष्ट सुचवतो. कायद्याने तुमच्यावर सक्ती नाही, तरी सुचवतो. मोठ्या खनिजांच्या खाणींना बंद करतानाच्या खर्चापोटी हेक्टरी तीन ते पाच लाखांची हमी आधीच द्यावी लागते. गोव्यात २०१४ च्या निकालाने लोहखनिजाच्या विक्रीतले १० टक्के कायम निधीत टाकायला लावले. दगडाच्या खाणीवर तशी पकड नाही, आणि म्हणून खान्देशभर टेकड्यांच्या कुशीत बेवारस खड्डे आहेत. उन्हाळ्यात पोरं पोहायला जातात. कडा सरळ तुटलेली, चढायला पायवाट नाही, आणि तळ किती खोल ते कुणाला माहीत नाही. अशा एका खड्ड्याच्या काठावर मी पंचनाम्याला उभा राहिलो आहे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तुमचा खड्डा कसा होईल ते सांगतो. हद्दीपासून साडेसात मीटर सोडून, रस्ता आणि क्रशरची जागा वगळून दीड हेक्टर खोदायला राहतं. वर्षाला ९ हजार सैल ब्रास, दहा वर्षांत ९० हजार, म्हणजे घनात ६० हजार. खोली निघते अकरा मीटरच्या पुढे, पोकळी १ लाख ७० हजार घनमीटर. सतरा कोटी लिटर पाण्याची जागा! नीट उतार काढला, पायऱ्यांसारखी बेंचं ठेवली, एका बाजूने जनावरं उतरतील असा रस्ता केला आणि बाकी कुंपण घातलं, तर गावाला तळं. नाही केलं तर सापळा.

याचा खर्च आजपासून बाजूला काढा. ब्रासला ४० रुपये. वर्षाला ३ लाख ६० हजार, दहा वर्षांत व्याज सोडून ३६ लाख. त्याच काळात रॉयल्टी तुम्ही ५ कोटी ४० लाख भराल, म्हणजे हे पंधराव्या हिश्शाच्या आसपास आहे. पैसे मुदत ठेवीत ठेवा, तुमच्या नि ग्रामपंचायतीच्या संयुक्त सहीने मोडेल अशी अट घाला, आणि ज्या बँकेत कर्ज मागणार तिथेच ठेवा. माझा अनुभव सांगतो, कागदावरच्या शंभर झाडांपेक्षा अडकवलेली एक ठेव मॅनेजरला जास्त समजते. बंद करायचा आराखडा आणि ही ठेव जोडून मी दोन फायली दिल्या. दोन्हींना तारण कमी मागितलं गेलं. कर भरला की पैसा गेला आणि खड्डा उरला. ठेव अडकली की खड्डा नीट केल्याशिवाय पैसा सुटत नाही. मालकाचं लक्ष पैशाच्या मागे जातं, हे मालकालाच काय सांगायचं.

यायचं ठरवलंत तर मागच्या तीन वर्षांच्या पावत्या, संमतीपत्र, वीजबिलं आणि मूळ पट्ट्याचा नकाशा घेऊन या. पहिला दगड फुटायच्या आधीची जमिनीची पातळी मोजलेली आहे का, तेवढं वडिलांना विचारून ठेवा. नसेल तर पोळ्याच्या आत मोजणी लावू. शेजाऱ्याचा बांध अजून जुन्याच उंचीवर असेल, तिथून पातळी धरता येते. शेजाऱ्याला आधी सांगून ठेवा, आणि मोजणीवाल्याच्या कागदावर ‘घन’ लिहून घ्या.